पडीक, मागीलप्रमाणे

१६ ऑगस्ट २००२, शुक्रवार

दौंडच्या जावयानं, शाहनवाजनं, जानेवारीत दिलेली रेल्वेची डायरी आठ महिने ट्रंकेत पडून होती. आज काढली. कालच्या ग्रामसभेत जे झालं ते इतिवृत्तात लिहिण्यासारखं नव्हतं आणि पोटात ठेवण्यासारखंही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं निंबपेठ ग्रामपंचायतीची कारकुनी केली. लोक काहीही बोलले तरी मी ते शुद्ध करून लिहिलं. आता थोडं माझं स्वतःचं लिहितो.

झालं असं. झेंडावंदन उरकलं, पोरांना चॉकलेटं वाटली आणि सरपंच सविताताई उभ्या राहिल्या. बाई जेमतेम तिशीच्या. राखीव जागेवर निवडून आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, सहीपुरत्या असतील. मलाही वाटलं होतं, कबूल करतो. त्या म्हणाल्या, "शिरूरला पंचायत समितीच्या ट्रेनिंगला गेले होते तवा ऐकलं. काही गावांत जुनं घर हाय तसं सांभाळलं की घरपट्टीत सूट देत्यात. आन् आपल्याकडं? घर नीट ठेवलं की घरपट्टी वाढती. ही उलटी रीत हाय. आपल्या पेठेत शंभर-शंभर वर्सांची दगडी घरं हायती, नक्षीची दारं हायती. जो ती मूळच्या रूपात नांदती ठेवंल त्याची निम्मी घरपट्टी माफ करू."

हौसराव आबा लगेच उठले. आबा तीन वेळचे सरपंच आणि सविताताईंचे चुलत सासरे. "सूनबाई, निम्मी माफ केली तर गावात दिवा कशावर लावायचा? जुन्या भिंती चाटून पोट भरत न्हाई. पेठेच्या कोपऱ्यावर बारा गाळे काढू. भाडं येईल, पोरांना धंदा मिळंल."

त्या कोपऱ्यावर रतनबाई भावसारचं रंगारीघर आहे. हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी ठरलं की जुन्या घरांची यादी नमुना आठवरून काढायची आणि दोन ऑक्टोबरच्या सभेत ठेवायची. नमुना आठ म्हणजे घरांच्या आकारणीची नोंदवही. यादी अर्थातच मी काढायची.

२० ऑगस्ट

यादी काढली. कपाळाला हात लावायची पाळी आली.

पेठेत पाऊणशे वर्षांवरची घरं एकतीस. त्यांतली एकोणीस नमुना आठला 'पडीक'. ती सगळी घरं मी रोज बघतो. एकही पडीक नाही. एका पडीक घरात किराणा दुकान आहे, दुसऱ्यात फ्रीज आणि दोन मोटारसायकली.

याचं कारण गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दर चार वर्षांनी आकारणी होते. फेरी निघणार म्हटलं की पेठेत पळापळ सुरू होते. चांगल्या दाराला शेणकाला फासतात, भिंतीला उगीच दोन बल्ल्या टेकवून ठेवतात, ओट्यावर शेळी बांधतात. घर जितकं भिकार दिसेल तितकी घरपट्टी कमी. साळूबाईनं एका साली पोपडे दिसावेत म्हणून भिंतीला पीठ कालवून लावलं होतं. ते तिच्याच शेळीनं आमच्यासमोर चाटून खाल्लं. तरी तेव्हाचे सरपंच म्हणाले, लिहा पडीक. मतं त्यांना हवी होती आणि हात माझा होता.

आता ज्या वहीवरून सूट द्यायची तीच वही म्हणते की ही घरं सांभाळलेलीच नाहीत.

रतनबाईच्या घराचीही नोंद बघितली. 'दगड-लाकूड, माडी, पडीक. मागीलप्रमाणे.' मागची वही काढली. अठ्ठ्याण्णव साल: मागीलप्रमाणे. चौऱ्याण्णव: मागीलप्रमाणे. नव्वद: मागीलप्रमाणे. मूळ नोंद सापडली शहाऐंशीला. कुणी लिहिली ते इथं लिहायची गरज नाही. तेव्हाही दप्तर एकाच माणसाकडे होतं.

२ सप्टेंबर, सोमवार

आबा ऑफिसात आले. नमुना आठ मागितला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि ग्रामसेवकासमोर ठेवला.

"भाऊसाहेब, पडीक म्हंजी काय?"

ग्रामसेवक माऊली शेंडकर पोरगेलासा आहे, बदलीला घाबरतो. म्हणाला, "म्हंजी, पडायला आलेलं."

"मग उद्या शाळेच्या पोरांवर भिंत पडली तर जबाबदार कोण? तुमी का मी? नोटीस काढा. महिन्यात उतरवून घ्या म्हनावं."

एकोणीस पडीक घरांतून नोटीस एकाच घराला निघाली, रतनबाईच्या. मी म्हणालो, "आबा, साळूबाईचं घरबी पडीकच लिव्हलंय." आबा हसले. "बाबुलाल, तुमचं अक्षर लई चांगलं. लिव्हा."

लिहिली. अठ्ठावीस वर्षांत इतकं वाईट अक्षर कधी आलं नव्हतं.

नोटीस द्यायलाही मीच गेलो. खालच्या सोप्यात दगडाचे चार हौद, वर लाकडी सज्जा, त्यावर रंगवलेलं कापड वाळत घातलेलं. त्या घरात अजून रंगकाम चालतं. कवठ्याच्या येमाईच्या यात्रेचे झेंडे आणि आमच्या उरुसाच्या चादरी, दोन्ही तिथंच रंगतात. रतनबाईचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. नोटीस हातात घेतली नाही. "ठेवा तितं," एवढंच बोलली.

सोळा वर्षं झाली, ती माझ्याशी याहून जास्त बोललेली नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही. आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो. शाळेत शाईची वडी घ्यायला माझ्याकडे पैसे नसत, तेव्हा ती बापाच्या हौदातली निळी बाटलीत भरून आणून द्यायची. माझं अक्षर त्या निळीवर घडलं. आता मान वर करून बघत नाही. गर्व असेल. असो.

घरी आलो तर बायकोनं, सुगराबीनं, विचारलं, "काय म्हनली?"

"काही नाही."

"मंग येवडा येळ?"

नोटीस बजावायला वेळ लागतो. बायकांना ऑफिसचं काम समजत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

हातावर हात धरून बसणं जमेना. काल दौंडला गेलो. शाहनवाजला म्हणालो, घर मजबूत आहे असं लिहून देणारा कुणी माणूस दे. त्यानं रेल्वेतून रिटायर झालेले बापूसाहेब मिस्त्री गाठून दिले. दगडी पुलांच्या कामात म्हातारा झालेला माणूस. आज सकाळच्या एसटीनं त्यांना घेऊन आलो, न्हावऱ्याला गाडी बदलून.

बापूसाहेबांनी तीन तास लावले. ओळंबा सोडला, हातोडीनं दगड न् दगड वाजवला, सज्ज्याच्या तुळयांना टोचा मारून बघितला. मग हौदाच्या काठावर बसून बिडी पेटवली.

"चुन्याचं काम हाय. आमच्या पुलाला असा चुना मिळाला असता तर मी लवकर रिटायर झालो असतो. ह्ये घर माज्या आदी पडत न्हाई, तुमच्याबी आदी न्हाई."

आणि मग दाराच्या चौकटीवर नख ओढून म्हणाले, "ह्याला जवसाचं तेल पाजलंय. दर तीन-चार वर्सांनी येकदा, न चुकता. थरावर थर हायेत बगा. कुनी केलं?"

रतनबाई चहा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं. मी म्हणालो, "बरोबर आहे, आकारणीच्या फेरीला आलो की दार तेलानं चकाकत असायचं." ती कप ठेवून आत निघून गेली, ती बाहेर आलीच नाही.

आता यात माझं काय चुकलं? चांगलंच बोललो होतो. सगळं गाव फेरीच्या आधी घराला चिखल फासायचं आणि ही एकटी दार तेलानं पुसून ठेवायची. तेव्हाही मला नवल वाटायचं. घरपट्टी वाढेल याचीसुद्धा काळजी नाही.

बापूसाहेबांनी कागद लिहून दिला. अक्षर कोंबडीचं, पण मजकूर रोखठोक.

३ ऑक्टोबर

कालच्या सभेत कागद वाचला. सविताताईंनी मोठ्यानं वाचला, दोनदा वाचला.

आबा म्हणाले, "रेल्वेच्या मिस्त्रीचा कागद मोठा का ग्रामपंचायतीचं दप्तर मोठं? दप्तर सोळा वर्सं म्हनतंय पडीक. मग दप्तर खोटं हाय का? खोटं असंल तर कुनी लिव्हलं ते सांगा, मी गाळ्यांचं नाव काडत न्हाई."

सभेत दोनशे माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं.

सविताताईंनी हट्टानं मुदत मागून घेतली. सव्वीस जानेवारीपर्यंत फेरपाहणी, तोपर्यंत नोटीस स्थगित. यादीचं आणि घरपट्टीच्या माफीचंही तेव्हाच बघायचं. सभा सुटल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "चाचा, तुमाला काय ठावं आसंल तर मला सांगा. मी हाय." मी म्हणालो, दप्तर बघतो.

घाम फुटला होता. ऑक्टोबरच्या उन्हाचा असेल.

१७ ऑक्टोबर

माऊली भाऊसाहेबानं पळवाट काढून दिली. म्हणाला, "चाचा, डोकं कशाला लावता? या सालच्या नोंदीत लिव्हा, 'दुरुस्ती केली, सुस्थितीत.' जुनं बी खरं, नवं बी खरं."

पेन्सिलीनं लिहून बघितलं. छान दिसलं. मग आबांचा आवाज कानात आला: दुरुस्तीची परवानगी कुठाय? आणि ती दाखवली तरी सूट आहे मूळ रूपात ठेवलेल्या घराला. दुरुस्त केलं म्हटलं की मूळ रूप गेलं. एका खोट्यावर दुसरं चढवलं तर घर पडेल ते माझ्याच लिहिण्यानं पडेल.

खोडरबरानं पुसलं. कागदावर डाग राहिला आहे.

१३ नोव्हेंबर, सातवा रोजा

रोजा असताना खोटं बोलू नये. डायरीशीसुद्धा बोलू नये.

ती नोंद माझी आहे. अक्षर माझं, शाई माझी, आणि डोकंही माझंच. रतनबाईच्या नोंदीसाठी मला कुणी सांगितलं नव्हतं.

पंच्याऐंशीला तिचा नवरा वारला. मूलबाळ नाही. हौद कोरडे पडले होते. शहाऐंशीच्या फेरीत आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा ती पांढऱ्या कपाळानं चौकटीला टेकून उभी होती. घर आरशासारखं लख्ख. आकारणी केली असती तर पेठेतली सगळ्यांत मोठी घरपट्टी तिला लागली असती. सरपंच पुढच्या घराकडे वळले आणि मी लिहून टाकलं, पडीक. एका शब्दात घरपट्टी चौथाईवर आली. मी एक चहासुद्धा घेतला नाही. कुणाला बोललो नाही, तिलाही नाही. सोळा वर्षं मला वाटत होतं की आयुष्यात एक तरी चांगलं काम गुपचूप केलं. लई बरं वाटायचं.

तोच शब्द आता घर पाडायला निघाला आहे.

सांगितलं तर नोकरी जाणार. एक वर्ष दहा महिने राहिलेत. मला भीती वाटते, हे लिहायला लाज कसली. लोक म्हणतील बाबुलालनं पैसे खाल्ले. त्याहून वाईट काही म्हणतील.

२० नोव्हेंबर

इफ्तार झाल्यावर सुगराबीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती आदळआपट करेल. तिनं खजुराच्या बिया वाटीत गोळा केल्या आणि म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुमी कुनाचं घर फुकट पडीक लिव्हाल आन् कुनाचं न्हाई, येवडं मला कळत न्हाई व्हय? तिच्या निळीनं गिरवायला शिकला तुमी." मग थोडं थांबून म्हणाली, "माजी काय तक्रार न्हाई. तुमी कंदी वाकडं वागला न्हाई. पर खोटं लिव्हताना हात दुखला न्हाई, आता खरं लिव्हताना कशाला दुखतोय?"

"नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. शिवणमशिन हाय माजं. आन् सभेत सांगायच्या आदी तिला जाऊन सांगा. पयलं तिला."

मला हे पटलं नाही. दप्तराची बाब आहे, ती सभेपुढेच यायला हवी. तिच्या दारात जाऊन काय सांगू, की मी तुझ्यावर उपकार केले? ते शोभत नाही.

पण सभेत सांगणार. ठरलं. हे लिहिल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

४ जानेवारी २००३

आबांचा निरोप आला की शेवटची वर्षं सुखानं काढा, नोकरी संपल्यावर एक गाळा तुमच्या नावावर करू. निरोप घेऊन येणाऱ्याला चहा पाजला आणि म्हणालो, आबांना सांगा, मी दुकानदारीचा माणूस नाही. मान ताठ ठेवून बोललो. तो गेल्यावर दाराला कडी घालून बसलो.

२७ जानेवारी, सोमवार

काल सांगितलं.

इस्त्रीचा पायजमा, टोपी, आणि शहाऐंशीची वही बगलेत. सविताताईंनी विषय पुकारला तसा मी हात वर केला. कारकुनानं सभेत हात वर केलेला निंबपेठेत कुणी बघितला नव्हता.

पाठ केलेलं सगळं विसरलो. वही उघडून नोंद वाचली आणि म्हणालो, "ही नोंद मी लिहिली. ही खोटी आहे. त्या दिवशी घर सुस्थितीत होतं. दाराला तेल दिलेलं होतं, हौद घासलेले होते, एक कौल हललेलं नव्हतं. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि पडीक लिहिलं. घरमालकिणीनं मला सांगितलं नव्हतं, तिला याची माहिती नव्हती. मी पैसा घेतला नाही. पुढे चार वेळा मागीलप्रमाणे लिहिलं, तेही मीच. दप्तर खोटं आहे. आबांनी विचारलं होतं कुणी लिहिलं, म्हणून सांगतो."

बाहेर एसटीनं गियर बदलला. मग साळूबाई कळवळून ओरडली, "बाबूभाई, आमचं नगा सांगू!" आणि सगळी सभा हसायला लागली. आबासुद्धा हसले, पण एवढंसंच.

सविताताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता आयका. ज्यानं त्यानं आपल्या घराची खरी नोंद मार्चच्या आत करून घ्यायची. मागचं उकरणार न्हाई. मूळ रूपात सांभाळलंय त्याला निम्मी माफ. आन् ज्याला पडीकच ऱ्हायचंय त्यानं सांगा, त्यालाबी नोटीस देते." हात वर झाले. मी मोजायला लागलो, सवयीनं. ठराव झाला. नोटीस रद्द.

मग आबा म्हणाले, दप्तरात खोटं लिहिणाऱ्या नोकराचं काय? बरोबरच होतं त्यांचं. सविताताई माझ्याजवळ आल्या, डोळे भरले होते पण आवाज हलला नाही. "चाचा, ठराव मी मांडला, आन् तुमाला घरी बसवायच्या कागदावर सहीबी मीच करनार. राग मानू नगा." मी म्हणालो, "ताई, सही पूर्ण नावानं करा. अर्धवट सही वर चालत नाही."

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मी बोलत होतो तेव्हा रतनबाई बायकांत बसली होती. 'मी ते डोळ्यांनी बघितलं' म्हणालो तिथंच ती उठली आणि निघून गेली. ठरावालाही थांबली नाही. तिचं घर वाचवायला नोकरीवर पाणी सोडलं आणि बाईला दोन मिनिटं बसवेना. सुगराबीला सांगितलं तर म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?" आणि दुसऱ्या कामाला लागली.

१६ मार्च

घरी बसून दीड महिना झाला. आज पेठेतून चक्कर मारली. काय सांगावं, सगळी पेठ दारं धूत आहे. साळूबाई स्टुलावर चढून नक्षीतला वीस वर्षांचा शेणकाला ब्रशानं काढत होती. त्याखाली मोर निघाला. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं तिच्या दारावर मोर आहे.

शिरूरहून मंजुरीचा कागद आला म्हणतात. माझ्या चौकशीचा अजून नाही. हिशेब मिळेल तेवढा मिळेल. सुगराबीचं मशिन चालू आहे आणि मी काज-बटणं शिकतो आहे. आतापर्यंत दोन ब्लाउज बिघडवले.

६ एप्रिल, रविवार

आज रतनबाई आमच्या घरी आली.

सुगराबीनं तिला खुर्ची दिली, ती भुईवरच बसली. कमरेची पिशवी सोडून घरपट्टीची नवी पावती काढली आणि माझ्यापुढे धरली. निम्मी माफ होऊनही आकडा आधीच्या दुप्पट आहे. मला वाटलं तेच सांगायला आली. मी म्हणालो, "वाढली खरी. पण आता कुणी पाडू शकत नाही."

"त्ये न्हाई. काय लिव्हलंय ते वाचा."

माऊली भाऊसाहेबाचं अक्षर भयंकर आहे, व चा ब होतो. तरी वाचलं: 'दगड-लाकूड, माडी, मूळ रूपात, सुस्थितीत.'

मग तिनं पिशवीतून दुसरा जुडगा काढला. सोळा वर्षांच्या पावत्या, दोऱ्यात ओवलेल्या. सगळ्यांवर माझं वळणदार अक्षर. पडीक. पडीक. पडीक.

"दर साली पावती आली की पयलं ह्येच वाचायची," ती म्हणाली. "त्ये गेल्यावर सगळं गाव म्हनत होतं, आता रतनीचं घर बसनार. मी म्हनलं, न्हाई बसू द्यायची. फेरीच्या आदी आठ दिस दार तेलानं पुसलं. गावाला दावायला न्हवं. म्हनलं बाबूभाई येनार हायेत, ते बगतील, चांगलं लिव्हतील. त्यांचं अक्षर चांगलं हाय. आन् तुमी दारात हुबं ऱ्हायला, बगितलं, आन् लिव्हलं पडीक. मला वाटलं, तुमालाबी तसंच दिसतंय. घर बी आन् मी बी. पुढच्या फेरीला आनखी तेल दिलं. परत पडीक. आन् सभेत तुमी म्हनला, बगितलं होतं म्हून. येवडी वर्सं बगितलं होतं, आन् मला येका शब्दानं बोलला न्हाई."

सुगराबी उठून चहाला गेली.

रडू आलं, ते लपवलं नाही. एवढंच म्हणालो, "रतन, चुकलं माझं." चौथीनंतर पहिल्यांदा नुसतं रतन म्हणालो. ती म्हणाली, "व्हय, चुकलंच." मग चहा घेतला, सुगराबीशी उरुसाच्या चादरींबद्दल बोलत बसली आणि उन्हं उतरल्यावर गेली. जाताना जुन्या पावत्यांचा जुडगा इथंच ठेवून गेली. मी तो चुलीत घातला.

सुगराबीनं विचारलं, उद्या काय करणार. म्हणालो, रंगारीघराकडे जाऊन येतो, घर बघायचं आहे. नवं तेल दिलंय म्हणतात. वही नेणार नाही.